दोन तास चाळीस मिनिटं

मालवाहतुकीच्या काउंटरवर माझा चौथाच दिवस होता. एका तरुणाने समोर परदेशी पाठवायचं एक खोकं ठेवलं आणि झाकण उघडून दाखवलं. आत पाण्याच्या फुगीर पिशव्या, आणि त्यांत नखाएवढे नारिंगी मासे.

"अंतर किती आणि वेळ किती लागेल?"

"एकोणीसशे किलोमीटर." मी वेळापत्रकावर बोट ठेवलं. दहाला सुटणार, अकरा चाळीसला पोहोचणार. "एक तास चाळीस मिनिटं."

"नक्की ना? पिशवीत ऑक्सिजन मोजून भरतो मी."

मी अगदी ठसक्यात मान हलवली. विमान उडालं आणि मग मला आठवलं... तिथली घड्याळं आपल्यापेक्षा एक तास मागे असतात! प्रवास होता दोन तास चाळीस मिनिटांचा. दुपारपर्यंत मी तिकडच्या ऑफिसला पाच फोन केले. शेवटी तिकडचा कारकून वैतागून म्हणाला, "बाई, सगळे मासे पोहतायत. आता मला जेवू द्या." तेव्हा कुठे जिवात जीव आला.

पुढच्या मंगळवारी तो आला, तेव्हा मी खाली बघत चूक कबूल केली.

"माहीत होतं," तो म्हणाला. "चार वर्षं पाठवतोय. दुप्पट भरतो ऑक्सिजन."

"मग विचारलंत कशाला?"

"तुम्ही नवीन होतात..." त्याचे कान लाल झाले. "काहीतरी बोलायला हवं होतं ना."

त्यानंतर मंगळवार आला की मी केस दोनदा विंचरायला लागले. त्याच्या बाह्या कायम कोपरापर्यंत ओल्या. पावती देताना बोटांना बोटं लागायची, आणि त्याने सही केली की माझ्याकडच्या प्रतीवर ओला ठसा उमटायचा. मी ती प्रत फाइलमध्ये जरा सावकाशच लावायचे.

आणि मग दोन वर्षांनी माझं बढतीचं पत्र आलं. तिकडच्या विमानतळावर, मुख्य म्हणून. ही जागा मला मनापासून हवी होती. पण तोही हवा होता, आणि त्याच्या माशांच्या चाळीस टाक्या इथे होत्या.

"महिन्याभरात जायचंय मला," मी सांगितलं. "तिकडे."

त्याने खोक्याची दोरी उगाच सोडून पुन्हा बांधली.

"जा," तो म्हणाला. "न जाण्याचा वेडेपणा करू नका."

माझे डोळे भरून आले. इतक्या सहज?

"माझे मासे घेणारा तिकडचा दुकानदार वर्षभर मागे लागलाय," तो दोरीकडे बघत पुढे म्हणाला. "टाक्या तिकडेच आणा म्हणतो. भाडं वाचेल, मासे दमणार नाहीत... मीच नाही म्हणत होतो."

"का?"

"तिकडे गेलो असतो तर दर मंगळवारी इथे कशाला आलो असतो?"

मागे रांगेतले काका खाकरले. मी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही.

"म्हणजे तुम्ही याल?"

"तुम्हाला चालत असेल तर. मला तुम्ही... फार आवडता."

"मलाही. फार." बोलले आणि एकदम हलकं वाटलं. "रविवारी घरी या. आईला सांगून ठेवलंय तुमच्याबद्दल."

"कधी सांगितलंत?"

"सहा महिने झाले," मी म्हटलं. "ती रोज विचारते, कधी येणार म्हणून."