हात मागे बांधून

सिग्ने कॅफेत कॉफी संपवून बाहेर आली तेव्हा खिडकीखाली भाच्याची बाबागाडी नव्हती.

आमच्या डेन्मार्कातल्या ऑर्हूसमध्ये बाळं दुपारची बाहेरच झोपतात. वारा असो, बारीक पाऊस असो, वर झाकण ओढलं, पायाशी रजई खोचली की मोठी माणसं आत केक खायला मोकळी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण गाडीच जागेवर नसेल तर काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

ती धावली. गल्लीच्या मध्यावर काळ्या दाढीचा एक अनोळखी मुलगा तीच गाडी ढकलत चालला होता.

"पकडा त्याला! आमचं बाळ चोरलं!"

आमच्याकडे रस्त्यात कुणी आवाज चढवत नाही. त्यामुळे अख्खी गल्ली बाहेर आली. बेकरीवाल्या प्रेबेननं मुलाचा दंड धरला. वरच्या मजल्यावरच्या इंगेरबाईंनी खिडकी उघडली.

मुलगा पांढराफटक पडला होता. "तो रडत होता," तो म्हणाला. "बराच वेळ. कुणी येईना. गाडी हलवली की गप्प बसायचा, म्हणून मी इथल्या इथेच..."

"इथं बाळं बाहेरच झोपतात, बाबा," प्रेबेन म्हणाला. "दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नसतो."

"माफ कर," मुलगा सिग्नेला म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

सिग्नेचा हात कोटाच्या खिशात गेला. बाळाचा आवाज ऐकवणारा बेबी मॉनिटर तिथंच होता, आवाज पूर्ण बंद केलेला. मैत्रिणीशी गप्पा मारताना त्याची खरखर नको, म्हणून तिनंच तो बंद केला होता. भाचा रडत होता आणि मावशी केक खात होती.

"ठीक आहे," ती म्हणाली.

त्यानं माफी मागितली आणि तिनं ती घेतली. सगळे आपापल्या कामाला लागले. सिग्नेचे कान मात्र संध्याकाळपर्यंत तापलेले होते. तिची मोठी बहीण मेटे बाळाला घ्यायला आली. "आक्सेलनं त्रास दिला का गं?" तिनं विचारलं. "छे, गुणाचं बाळ आहे," सिग्ने म्हणाली. तेवढं तरी खरं होतं.

पुढच्या रविवारी तिला तो मुलगा ट्रॉयबोर भागात दिसला. एखाद्या म्हाताऱ्या मास्तरासारखा हात मागे बांधून चालला होता. समोरून एक बाई बाबागाडी घेऊन आली, तसा त्यानं रस्ता ओलांडला. त्या बाजूला दुसरी गाडी होती. तो परत अलीकडे आला. वसंतात आमच्या गावात बाबागाड्यांना काय तोटा? बिचारा नुसता नागमोडी चालला होता.

तिला हसू आलं. मग हे आपल्यामुळे चाललंय हे तिच्या लक्षात आलं, आणि हसल्याचीच लाज वाटली.

"दिवसभर असाच चालणार आहेस?" तिनं त्याला गाठून विचारलं.

तिला ओळखताच त्यानं हात आणखी घट्ट धरले. "मी कशालाच हात लावलेला नाही."

"दिसतंय. मी सिग्ने."

"दुआर्ते. पोर्तुगालचा. जूनपर्यंत इथं वास्तुकला शिकतोय..." तो जरा थांबला. "बाळं पळवणं हा जोडधंदा."

दर रविवारी गावाचा एकेक जुना भाग तो पायी बघायचा. नकाशा न घेता. सुरू केलेली गल्ली टोकापर्यंत चालायची, हा त्याचा नेम होता. त्या रविवारी सिग्ने त्याच्याबरोबर गेली. त्याच्या पुढच्याही गेली. फ्रेडरिक्सबेरच्या चढावर वाऱ्यानं त्यांची छत्री उलटी केली आणि दोघं एका दाराच्या आडोशाला उभे राहिले. केसांवरून पाणी निथळत असताना तो त्या दाराची कडी निरखत होता.

"इथं जन्मलीस, आणि हे दार कधी पाहिलं नाहीस?"

"मला दारं बघत फिरायला वेळ नसतो."

"मग रविवारी बरा मिळतो."

"रविवारी मी दारं बघायला येत नाही," ती बोलून गेली. मग बराच वेळ तिनं दाराकडेच बघितलं.

बेकरीची ती एक गल्ली तेवढी दोघंही टाळायचे. जवळ आली की कुणालातरी भूक लागायची. आणि दुआर्तेचा चांगुलपणा असा, की तो विषय निघाला तरी म्हणायचा, "तू ओरडलीस ते बरोबरच होतं. चूक माझी होती." अशा वेळी धरणीनं पोटात घ्यावं असं तिला वाटे. मुलगा आवडायला लागला होता... आणि जितका आवडत होता, तितकं खरं सांगणं अवघड होत होतं.

मे संपत आला. नदीकाठच्या चेस्टनटच्या झाडाखाली दोघं पावसात अडकले. पहिल्यांदाच त्याचा मागचा हात सुटला. तिच्या गालावरची ओली बट बाजूला करायला तो पुढे आला...

"थांब," सिग्ने म्हणाली. "त्या दिवशी मॉनिटर मीच बंद केला होता."

हात हवेतच राहिला. "म्हणजे?"

"त्याचं रडणं मला ऐकू यायला हवं होतं. तू काहीच चुकला नव्हतास. मला ते तेव्हाच कळलं होतं. तरी मी गप्प बसले, आणि तुझी माफी घेतली."

त्यानं हात मागे घेतला. "कॉलेजला त्या गल्लीतून जवळ पडतं," तो म्हणाला. "तरी मी रोज वळसा घालतो. त्या बेकरीसमोरून जायचा धीर होत नाही."

"मी माफी मागते, दुआर्ते."

"चोर म्हणालीस ते भर गल्लीत. आणि माफी मागतेस ती इथं, झाडाखाली?"

तो पावसातच निघाला, हात मागे बांधून.

सिग्नेनं आधी बहिणीला सगळं सांगितलं. मेटेनं विचारलं, "मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"वाटायलाच हवी," मेटे म्हणाली. आणि शनिवारी सकाळी तिनं आक्सेलची गाडी पुन्हा सिग्नेच्या हातात दिली.

शनिवारी गल्लीत पावासाठी रांग असते. दुआर्तेला तिनं निरोप पाठवला होता, गल्लीत ये, एवढाच. उत्तर आलं नव्हतं. तिनं बेकरीसमोर गाडी लावली. आमच्याकडे माणूस रस्त्यात घसरून पडला तरी 'काही नाही, काही नाही' म्हणत उठतो. तिथं उभं राहून आपली चूक मोठ्यानं सांगायची म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक.

"ऐका," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "ऐका जरा. त्या दिवशी त्या मुलानं बाळ चोरलं नव्हतं. बाळ रडत होतं आणि मी मॉनिटर बंद करून आत बसले होते. त्याच्यापाशी आला तो एकटाच. मी त्याला चोर म्हटलं, आणि वर त्यालाच माफी मागू दिली. मला याची फार लाज वाटते. आणि माझं प्रेम आहे त्याच्यावर..."

हे शेवटचं तिला म्हणायचं नव्हतं. रांगेतले सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"ते एवढं हळू सांगितलं असतंस तरी चाललं असतं," वरून इंगेरबाई म्हणाल्या.

प्रेबेन मात्र तिच्यामागे बघत होता. पिठाचे हात पुसत तो पुढे गेला. "दंड मी धरला होता," तो म्हणाला. "माझं चुकलं, पोरा."

सिग्ने वळली. दुआर्ते उभा होता. कधीपासून, कुणास ठाऊक. तिचा चेहरा पेटला. तेवढ्यात गाडीत आक्सेलनं भोकाड पसरलं.

कुणी हललं नाही.

"रडतोय," सिग्ने म्हणाली.

"ऐकू येतंय. पण दुसऱ्याच्या गाडीला इथं हात लावायचा नसतो."

"त्याची मावशी सांगतेय लाव म्हणून."

त्यानं मागचे हात सोडवले आणि गाडीची दांडी धरली. चाकं दगडांवरून खडखडत निघाली, बेकरीसमोरून, इंगेरबाईंच्या खिडकीखालून. सिग्ने शेजारून चालत होती, मान खाली घालून. आक्सेलचं रडणं बारीक झालं, मग थांबलं. दुआर्तेनं एक हात दांडीवरून काढला. तो मागे गेला नाही, तिच्या हातात आला.

"झोपला तो," ती पुटपुटली. "आता थांबलास तरी चालेल."

"थांबू कसा?" दुआर्ते म्हणाला. "त्या दिवशी तू मला टोकापर्यंत जाऊच दिलं नाहीस."