हर्मान्सने लावलेलं घड्याळ

साडेबाराला रेडिओवर वेळेचे ठोके पडायचे तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या ल सांतिए गावात कुणी तोंडात घास घालत नसे. निम्मं गाव घड्याळांच्या कारखान्यात कामाला. जेवणाच्या टेबलावर ज्याचं त्याचं मनगट वर, आणि शेवटच्या ठोक्याला जो तो आपल्या काट्याकडे बघणार. मग सूप गार होईपर्यंत त्यावरच चर्चा. कुणाचं रात्रीतून पाच सेकंद पुढे गेलेलं, कुणाचं लाकडं फोडल्यामुळे मागे पडलेलं. मनगटावरचं चावीचं घड्याळ असंच वागायचं. माणसाला घाम येतो, तो कुशीवर झोपतो, थंडीत हात खिशात घालतो, आणि ते सगळं घड्याळाला भोवतं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

नुमाचं घड्याळ मात्र चुकत नव्हतं.

नुमा खोऱ्यातल्या छोट्या आगगाडीचा गार्ड. दोन गाड्यांच्या मधे तो घरी जेवायला यायचा, कोट खुंटीला टांगायचा आणि ठोके सुरू झाले की बाही सरकवायचा. शेवटच्या ठोक्याला सेकंदकाटा बरोबर वर.

"हर्मान्सने लावलंय," एवढंच म्हणायचा आणि बटाट्यावर वितळलेलं चीज वाढून घ्यायचा.

समोर बसलेल्या झेलीच्या घशाखाली मग घास उतरत नसे. हर्मान्स ही नुमाची पहिली बायको, तीन हिवाळ्यांपूर्वी न्यूमोनियाने गेलेली. झेली दुसरी. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. आणि दैवाचा खेळ असा, की झेलीही कारखान्यात घड्याळं लावायचंच काम करायची. आतली केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने वाकवायची, घड्याळ उभं, आडवं, पालथं ठेवून तपासायचं, पुन्हा वाकवायची. तिचा हात चांगला होता. पण घरात रोज दुपारी हर्मान्सच्या हाताचं कौतुक ऐकावं लागे. हर्मान्स जिवंत असती तर झेलीने सरळ तिच्या झिंज्या धरल्या असत्या. मेलेल्या सवतीशी भांडणार कसं?

कारखान्यात शेजारच्या टेबलावर अलिदामावशी बसायची. केस पिकले होते, जीभ मात्र तिखटच.

"टेबलावर घड्याळ बरोबर चालतं त्यात काय मोठंसं?" मावशी म्हणाली. "माहेरी सगळ्याच मुली शहाण्या. मनगटावर गेलं की खरं कळतं."

"मग हर्मान्सने काय जादू केली होती?"

"जादू कसली गं? नवऱ्याकडे बघत बसायची. कुठल्या कुशीवर झोपतो, झेंडी कशी हलवतो, रागावला की हात कुठे ठेवतो. त्याप्रमाणे स्प्रिंग वाकवायची. वर्षं घातली तिने त्यात." मावशीने डोळ्यावरचं भिंग काढलं. "तुझा नवरा कुठल्या कुशीवर झोपतो सांग बघू?"

मागच्या टेबलावरच्या दोघी खुदकन हसल्या. झेलीला झटकन उत्तर आठवेना, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी जाईपर्यंत बर्फातून चालताना ती तेच आठवत होती. भिंतीकडे तोंड करून. डाव्या कुशीवर. हे तिला माहीत होतं की. पण हर्मान्सला आधी माहीत होतं.

त्या रविवारी चर्चहून आल्यावर ती म्हणाली, "नुमा, घड्याळाचं तेल सुकलं असेल. दे, साफ करते."

त्याने एका शब्दाने न विचारता ते काढून दिलं. मनगटावर पांढरा पट्टा उमटलेला होता.

खिडकीपाशी बर्फाचा उजेड चांगला पडायचा. तिने मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. स्प्रिंगचं शेवटचं वळण इतकं सुरेख होतं की तिला रडू आलं. असं वळण आपल्या हातून होणार नाही हे तिला तिथेच कळलं, आणि मग तिने साफसफाई वगैरे काही केली नाही. चाल कमीजास्त करणारा आतला बारीक काटा तिने चिमट्याने 'जलद' बाजूला ढकलला. नुमाच्या सुट्टीचे दोन दिवस घड्याळ टेबलावर ठेवून पाहिलं. छान पुढे पळत होतं, दिवसाला चांगलं अर्धं मिनिट. झेलीला फार दिवसांनी भूक लागली.

तिसऱ्या दिवशी तिने ते वेळेवर लावून नुमाच्या मनगटावर बांधलं, आणि चौथ्या दुपारी ठोक्यांची वाट बघत बसली.

सेकंदकाटा बरोबर वर होता.

"हर्मान्सने लावलंय," नुमा म्हणाला आणि पावाला हात घातला.

थंडीमुळे असेल, झेलीने मनाशी म्हटलं. गाडीच्या उघड्या दारात उभा असतो दिवसभर, आत तेल घट्ट होत असेल. तिने आतला काटा पार टोकापर्यंत नेला. दुसऱ्या दिवशीही घड्याळ बरोबर. झाकण उघडून पाहिलं, तर काटा तिने ठेवला होता तिथेच, टोकाला. नुमा चोरून वेळ लावत असेल म्हणून एक अख्खी सुट्टी ती त्याच्या मागे मागे फिरली. तो सकाळी चावी द्यायचा, आणि मग घड्याळाला बोटही लावायचा नाही.

शेवटी त्याच्या सुट्टीच्या एका दिवशी तिने ते स्वतः घातलं. संध्याकाळपर्यंत घड्याळ इतकं पुढे गेलं होतं, की अलिदामावशी म्हणाली, "ही काय घाई झालीय तुला?" पुन्हा नुमाच्या हातावर बांधलं. पुन्हा सेकंदाचा फरक नाही.

म्हणजे घड्याळात काही नव्हतं. उरलं मनगट. हा विचार तिला नको होता, पण हिशेब तोच निघत होता, आणि हिशेबाच्या बाबतीत स्वतःला फसवायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने साफ करायला म्हणून घड्याळ पुन्हा मागून घेतलं आणि ती गोठलेल्या तळ्यावर गेली. मासे धरणाऱ्यांनी बर्फात पाडलेलं भोक होतं. काळं पाणी. घड्याळ टाकलं तेव्हा आवाजही झाला नाही.

घरी येऊन तिने नुमाला तोंडावर सांगितलं. "तुझं घड्याळ मी तळ्यात टाकलं. मला सहन होत नव्हतं."

तो आरडाओरडा करेल, निदान एक ताट आपटेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. नुमाने बाही खाली ओढली.

"ठीक आहे," तो म्हणाला.

झेलीकडे नवं घड्याळ तयार होतं, तिने स्वतः लावलेलं, त्याच्या डाव्या कुशीचा विचार करून. ते तिने लगेच दिलं नाही. एक दिवस हातात घड्याळ नसलेला गार्ड होऊ दे. अडू दे जरा. विचारू दे आपल्याला वेळ. एवढंच तिला हवं होतं, की एकदा तरी त्याने तिच्याकडे मागावं.

सकाळी घड्याळ खिशात घालून ती स्टेशनवर गेली. गाडी उभी होती. डब्यांवरून बर्फ टपटपत होतं. नुमा झेंडी काखेत धरून फलाटावर उभा होता. तिला बघून तो हसला, उजव्या हाताने डावी बाही सरकवली आणि उघड्या मनगटाकडे पाहिलं.

"अजून दीड मिनिट आहे आपल्याला," तो म्हणाला.

झेलीने वर स्टेशनच्या घड्याळाकडे पाहिलं. दीड मिनिट होतं.

"तुला कसं कळलं?"

त्याने मनगट तिच्यापुढे धरलं.

तिने त्याचा हात हातात घेतला. पांढऱ्या पट्ट्यावर बोट फिरवलं. कातडी गार होती.

तिने कान लावला.

नाडीचा आवाज येईल असं तिला वाटलं होतं. नाडी संथ असते. हे बारीक होतं, झपझप, सेकंदाला पाच. कारखान्यात दिवसभर तिच्या कानात तेच असायचं. ते ओळखायला तिला मोजावं लागलं नाही.

खिशातलं घड्याळ वाजत असेल. तिने ते काढून बाकावर ठेवलं, लांब, आणि परत आली.

आवाज तसाच होता.

तिचा गार कान टेकला तसा एक ठोका अडखळला. मग आतून कुणीतरी चिमट्याने धरून सारखं करावं, तसा जागेवर आला.

नुमाने दुसरा हात मायेने तिच्या केसांवर ठेवला.

"जरा दाबून धर," तो म्हणाला. "सुरुवातीला हर्मान्सलाही नीट ऐकू यायचं नाही."