पाहुण्याने आखलेली वाट

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात मोतीराम आणि गोटीराम या सख्ख्या भावांचं बांधावरून वाजलं. भावाभावांचं बांधावरून वाजलं तर त्यात नवल कसलं? नवल इतकंच, की हा बांध बारा वर्षं धरणाच्या पाण्याखाली होता. मोतीराम राहायचा घोटीत, गोटीराम कल्याणला. दोघांची पोरं आपापल्या गावच्या सायबर कॅफेत बसून नकाशावर रेघ ओढायची आणि बाप मागे उभे राहून ओरडायचे, “अजून सरकव, अजून!” एकाने सरकवलेली रेघ दुसरा संध्याकाळपर्यंत परत ढकलायचा. निळ्या पाण्यावर ती रेघ महिनाभर इकडून तिकडे फिरत होती.

मोहिनीला ते बघून हसू यायचं आणि बरंही वाटायचं. भांडायला का होईना, हेदवाडीची माणसं एकत्र आली होती. घोटीपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी भातशेतीचं हे गाव. धरण झालं, गाव उठलं, आणि जो तो वाट फुटेल तिकडे गेला. मोहिनीचे आईवडील, भागीबाई आणि रावजी, तिला घेऊन नाशकात सिडकोत आले. मोहिनी आता सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरच्या नोंदी कॉम्प्युटरवर करायची. तिच्या वर्गातला किशोर पुण्यात इंजिनियर झाला होता. त्यानेच ऑर्कुटवर ‘आम्ही हेदवाडीकर’ नावाचा गट काढला. माणसं भराभर जमली, एकमेकांना गुलाबाच्या फुलांची चित्रं पाठवू लागली आणि लवकरच कंटाळली. इतकी माणसं गोळा करून पुढे करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग किशोरने इंटरनेटवरचा एक नकाशा दाखवला. उपग्रहाने काढलेले फोटो जोडून केलेला. त्यावर कुणीही चौकोन आखावा आणि आत नाव लिहावं. हेदवाडीच्या जागी नुसतं निळं होतं. “भरा,” किशोरने गटावर लिहिलं, “ज्याला जे आठवतं ते भरा.”

आणि गाव भरायला लागलं. शाळा आली, चावडी आली, ज्याचं त्याचं घर आलं. कारखान्यातून येताना मोहिनी उत्तमनगरच्या कॅफेत थोडा वेळ बसायची आणि घरी येऊन सगळं सांगायची. भागीबाईंनी एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हंजे इर्जिकच की ही. एकाच्या वावरात समद्यांनी राबायचं.”

“तसंच काहीसं, आई.”

“आन् जेवण? इर्जिकीला आल्याला मानूस उपाशी धाडत नाय कोनी. त्येच ऱ्हायलं तुमच्या कम्पुटरात.”

आबांचं, म्हणजे रावजींचं, निराळंच होतं. सकाळी जेवलो की नाही हे त्यांना दुपारी आठवत नसे. पण धोंडाबाईच्या परड्यात काय होतं असं विचारलं, की पापणी न लवता सांगायचे, “फणस. कापा फणस.” आणि लगेच पिशवी उचलायचे. “चल, गावाला जाऊ.” रोज कुणीतरी शेजारी त्यांना नाक्यावरून परत आणायचा. मोहिनी कामावर असली तरी तिचा जीव घरी टांगलेला असायचा.

नाव न नोंदवता नकाशावर काही आखलं, तर आखणाऱ्याच्या जागी नुसतं ‘पाहुणा’ असं उमटायचं. एप्रिलमध्ये एके दिवशी दोघा भावांच्या रेघांच्या मधोमध तिसरी रेघ दिसली. पाहुण्याची. मोतीरामने पाहिली, गोटीरामने पाहिली, आणि दोघांनीही रेघ सरकवणं सोडलं. बांध तिथेच होता, आणि ते दोघांनाही आधीपासून पक्कं माहीत होतं.

मग पाहुण्याने पायवाटा आखायला घेतल्या. विहिरीकडची, खळ्याकडची, पोरं कैऱ्या चोरायला जायची तीसुद्धा. किशोरला वाटलं, ही मोहिनी. मोहिनीला वाटलं, हा किशोर. “पाहुणे कोणत्या गावचे?” असं कुणीतरी गटावर गमतीने विचारलं.

त्याच चैत्रात घोटीला म्हातारी झुंबरबाई वारली. दुसऱ्या दिवशी तिच्या घराच्या चौकोनात पाहुण्याने लिहिलेले दोन शब्द होते. ‘झुंबरबाई आली.’ नातवाला वाटलं, कुणीतरी मायेने लिहिलंय. त्याने आभारही मानले. मोहिनीला ते काही बरं वाटलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल ‘गेली’ म्हणतात.

मे महिन्यात एका सकाळी आबा घरातून निघाले ते परत आलेच नाहीत.

पोलिसांत कळवून झालं. सीबीएसचा बसस्टँड, पंचवटी, रेल्वे स्टेशन बघून झालं. मोहिनीने गटावर आबांचा फोटो टाकला, आणि कालपर्यंत गुलाबाची फुलं पाठवणारी माणसं रस्त्यावर उतरली. गोटीराम कल्याणहून आला आणि ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं त्याच मोतीरामच्या मोटरसायकलवर मागे बसून गावोगाव हिंडला. दुसऱ्या दिवशी दुपारी घोटीतल्या एका पोराने कळवलं. आबा काल तिथे एसटीतून उतरले आणि धरणाच्या रस्त्याने चालत गेले.

मोहिनी आणि भागीबाई जीप करून धरणावर पोचल्या तेव्हा मोतीराम, गोटीराम आणि बुधा काठावरच उभे होते. बुधा हेदवाडीचाच, आता त्याच पाण्यात मासे धरून पोट भरायचा. उन्हाळ्याने पाणी आत सरलं होतं. भेगाळलेली जमीन, मग काळा गाळ, आणि त्यातून वर आलेली घरांची जोती आणि झाडांचे बुंधे. माणूस कुठेच नव्हता.

“काठ सगळा पायाखाली घातला,” बुधा मोतीरामला हळूच म्हणाला. “आता पाण्यात गळ टाकून बघावं लागंल.”

भागीबाईंनी ते ऐकलं. त्या तशाच गाळाकडे चालू लागल्या. मोहिनीने धावत जाऊन आईचा हात धरला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. किशोर होता.

“मोहिनी, नकाशा उघडलाय मी. तुमच्या घराच्या चौकोनात पाहुण्याने काहीतरी लिहिलंय.”

“‘रावजी आला’, असं?” तिने विचारलं.

“नाही. ‘रावजी ओट्यावर बसलाय. न्यायला या,’ असं.”

मोहिनीने समोर पाहिलं. त्यांच्या घराची जागा गाळाच्या पार मधोमध, एका टेकाडाच्या पलीकडे होती. काठावरून दिसतच नव्हती.

“तिथं जाता यायचं नाय,” बुधा म्हणाला. “गेल्या साली एक म्हैस गेली त्या गाळात. शिंगं बी दिसली नाय.”

“वाट आहे,” किशोर फोनवर म्हणाला. “त्याने आखलेली. शाळेचं जोतं दिसतंय का तुला?”

“दिसतंय.”

“त्याच्या डाव्या अंगाने निघा. सरळ जाऊ नका, वळसा आहे.”

बुधाने पुढे काठी टाकली. ती टणकन दगडावर वाजली. हातभर बाजूला टाकली, तर मुठीपर्यंत आत गेली.

“अरं, ही तर जुनी पाणंद!” मोतीराम म्हणाला. आणि दोन्ही भाऊ एकमेकांचा हात धरून पुढे झाले.

किशोर पुण्यात बसून सांगत होता आणि मोहिनी मोठ्याने बोलत होती. आता उजवीकडे. आता आंब्याच्या बुंध्याला लागून. गाळ गुडघ्यापर्यंत येत होता, पण तळाला दगड होते.

टेकाड संपलं.

ओट्याचा जेवढा दगड उरला होता, त्यावर आबा मांडी घालून बसले होते. टोपी मांडीवर काढून ठेवलेली.

“लय उशीर केला गं,” ते म्हणाले.

मोहिनीने त्यांना मिठी मारली आणि अशी रडली, की लहानपणीसुद्धा कधी रडली नसेल. मग रागावली. मग पुन्हा रडली. भागीबाईंनी पिशवीतून भाकरी काढून पुढे केली.

“जेवलो की,” आबा म्हणाले. “इर्जिक होती. पंगत आत्ताच उठली. झुंबरबाईनं वाढलं.”

भागीबाईंनी त्यांचा उजवा हात धरून नाकाशी नेला. मग पदराने तो नीट पुसला आणि भाकरी पुन्हा पिशवीत ठेवली.

परत काठावर आल्यावर सगळे पाय धुवायला बसले. भागीबाई, मोहिनी, भाऊ, बुधा, सगळेच गुडघ्यापर्यंत काळे होते. गोटीरामने आबांच्या पायांवर पाणी ओतायला तांब्या उचलला आणि तसाच धरून राहिला. आबाही त्यांच्याबरोबर त्याच गाळातून चालत आले होते. त्यांचे पाय कोरडे होते. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा चिखल नव्हता.

“चला बाबा घरी,” बुधा म्हणाला, आणि ते सगळ्यांनाच पटलं.

त्या रात्री आबा गाढ झोपले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काही झालेलं नाही, म्हातारा ठणठणीत आहे. गटावर नुसती दिवाळी चालली होती. दोघा भावांनी मिळून घोटीत पेढे वाटले. मोहिनीला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं. गट कशाला काढला होता, हे आता कुणी विचारत नव्हतं. पाहुण्याविषयी मात्र ती आणि किशोर एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. तिने त्या चौकोनात फक्त एवढंच लिहिलं, ‘आबा सापडले. तुमचे उपकार कसे फेडू?’ दुसऱ्या दिवशी पाहुण्याची ती ओळ तिथून नाहीशी झाली होती, आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं.

त्यानंतर आबांनी गावाचं नाव काढलं नाही. पिशवी खुंटीला तशीच राहिली. मोहिनी निर्धास्त कामाला जाऊ लागली.

जूनमध्ये तिने बऱ्याच दिवसांनी नकाशा उघडला. हेदवाडीतून एक नवी रेघ निघाली होती. पाहुण्याचीच. ती पाण्याबाहेर पडून घोटीत आली होती. तिथून हायवेला लागून वाडीवऱ्हे, विल्होळी, पाथर्डी फाटा करत सिडकोत शिरली होती, आणि त्यांच्याच गल्लीत वळली होती.

घरी येऊन तिने आईला सांगितलं. सांगताना तिला थोडी भीतीच वाटत होती.

भागीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा कसा मोकळा झाला होता.

“बरं केलं बाई,” त्या म्हणाल्या. “आता घरची वाट चुकायचं नाय तुझं आबा.”

मोहिनीला काही बोलायचं होतं, पण आईचं ते समाधान बघून तिने विषय सोडून दिला. पलीकडे आबा घोरत होते. माणूस घरात होता, सुखरूप होता, आणखी काय हवं?

मग रविवार आला. चहा झाल्यावर ती कॅफेत गेली, रेघेचं टोक पडद्याच्या मध्यावर आणलं आणि मोठं करून पाहिलं. रेघ दारात थांबलेली नव्हती. त्यांच्या पत्र्याच्या छपरावरून पुढे जाऊन ती खिडकीकडच्या कोपऱ्यात संपत होती.

तिथे आबांची खाट होती. उकाड्याने झोप लागत नाही म्हणाले, म्हणून तिने आज सकाळीच ती त्या कोपऱ्यात ओढली होती.