दहा दिवस पालथी

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन अठरा दिवस झाले होते. सकाळी अंगणात बसून मी डाळ निवडत होते आणि त्या डोळ्यावर पुन्हापुन्हा पदर येत होता. मी तो मागे सारायची, तो परत यायचा. चौथ्या वेळी चिडून हात वर नेला, तर पदर खांद्यावरच होता. बाजूनं अंधार मात्र तसाच लोंबत होता.

आदल्या दिवसापासून त्या डोळ्यात विजा चमकत होत्या, काजळीचे कण पोहत होते. मला वाटलं, नवी नजर आहे, बसेल हळूहळू. कनेरगाव नाक्याजवळच्या आमच्या तांड्यात माझ्या वयाच्या बायकांचा जन्म पदराआडून बघण्यात गेला. डोळ्यापुढं काही आलं की आम्ही ते मागे सारतो आणि कामाला लागतो.

शेजारच्या पद्माबाईला सांगितलं, तर तिनं आवाज खाली आणला.

"पेमायाडी असंन ती. तुझा पदर ओढायची तिलाच सवय होती."

याडी म्हणजे आई. पेमा माझी सासू, तिला जाऊन सहा वर्षं झाली. चौतीस वर्षं मी तिच्यापुढं पदर घेऊन वावरले. ती दारातून आत आली की हातातलं काम टाकून उठायचं, सुनेनं बसून राहायचं नाही, अशी आमची रीत.

"अवसेला भोग दे तिच्या नावानं. चार दिवस तर राहिले."

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण मी हट्टी बाई. डावा डोळा मिटला, अर्धं अंगण काळं. उजवा मिटला, सगळं लख्ख.

"याडी आली असती तर दोन्ही डोळ्याला दिसली असती," मी म्हटलं. "ही एका डोळ्याची तकलीफ हाय. मी दवाखान्यात चालले."

मुलाला, देविदासला, शेतातून बोलावलं.

"उद्या गेलो तर न्हाई जमणार का? हरभरा काढून राहिलो आमी."

"डोळा उद्यापर्यंत थांबंन का, ते त्यालाच इचार."

त्यानं गाडी काढली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी थेंब टाकून डोळा तपासला आणि तिथूनच नांदेडला पाठवलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. मी अमावस्येचं सांगितलं, तेव्हा तिथले डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "मधली नजर अजून शाबूत आहे. चार दिवस थांबला असतात तर तीही गेली असती."

दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. डोळ्यात हवेचा बुडबुडा भरला होता. तो पडद्याला दाबून धरणार, म्हणून दहा दिवस पालथं झोपायचं, जेवतानाही मान खाली. मान वर झाली की बुडबुडा सरकणार आणि पडदा पुन्हा सुटायची भीती.

घरी आल्यावर तिसरी दुपार. सगळे शेतात गेले होते. बाजेच्या कडेला कपाळ टेकवून मी पडले होते. डाव्या डोळ्याला सारवलेली जमीन तेवढी दिसत होती. डोक्यावर पत्रे तडतडत होते. लांब मळणीयंत्र चालू होतं, ते बंद पडलं. मग मिसरीचा वास आला. आमच्या घरात आता कोणी मिसरी लावत नाही.

वाळे वाजले. जड, सावकाश. आणि माझ्या डोळ्याखाली दोन म्हातारे पाय येऊन थांबले. टाचा फुटलेल्या, डाव्या पायाचं बोट वाकडं. ते बोट मी कित्येकदा चोळून दिलं होतं.

"सूनबाई…"

माझे गुडघे आपोआप पोटाशी आले, हात बाजेवर टेकला.

"मी आले… ऊठ…"

"याडी," मी जमिनीशीच बोलले, "आज न्हाई उठणार. राग आला तर येऊ दे."

"वर बघ…"

"डोळा माझा हाय. न्हाई बघत."

बाजेचा सुंभ मी मुठीत आवळून धरला. नाकाच्या शेंड्यावरून घाम जमिनीवर ठिपकत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पाय वळले, वाळे दारापर्यंत वाजत गेले. मला रडू आलं. ती जिवंत असताना एकदाही मी तिला नाही म्हटलं नव्हतं.

त्या डोळ्यानं आज मी सुईत दोरा ओवते, म्हणजे मान वर केली नाही हे तुम्हाला कळलंच. पण एक गोष्ट मी देविदासलाही सांगितलेली नाही. त्या सगळ्या वेळात माझ्या मानेवर एक हात होता. मान खाली धरून ठेवलेला. मला वाटलं, माझी सून, संगिता, शेतातून लवकर आली.

"संगिता, काढ आता हात," मी म्हटलं. "गेली ती."

संगिताचा आवाज बाहेरून, रस्त्यावरून आला.

"काहून हाका मारून राहिल्या? आले, आले…"

हात तेव्हाही मानेवरच होता. बोटं गार होती.