जपान कोणत्या बाजूला?

तुम्ही विचारलंच म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. फक्त मध्ये टोकू नका. टोकलं की मला राग येतो, आणि राग आला की मी उठून चहा मांडतो, मग गोष्ट राहून जाते.

साल त्र्याऐंशी. भामरागडच्या अलीकडे एका गावात दवाखाना होता, तिथे मी कंपाउंडर. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक बाकडं आणि क्विनाइनच्या गोळ्या. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, बाकी दिवस मीच काय तो. लोक मला श्रावणभाऊ म्हणायचे. आम्ही चंद्रपूरचे बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देव आणि भुतं दोन्ही एकदमच बाहेर काढली होती. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आता आहे का, ते विचारू नका.

त्या गावात माझा एकच दोस्त, कोलू. माडिया गोंड, ढोल वाजवायला लागला की झाडावरची पाखरंसुद्धा गप्प व्हायची. मला एकदा थंडीताप भरला तेव्हा यानं मला पाठीवर घेऊन नाला ओलांडला होता. म्हणून ब्याऐंशीच्या जानेवारीत दिल्लीला नाचायला पथक न्यायचं म्हणून कुणी साहेब आले, तेव्हा मीच छाती ठोकून म्हणालो, कोलूला घ्या. त्याची बायको सुकरी तेव्हा दारात उभी होती. ती एवढंच बोलली, "भाऊ, तुमच्या भरोशावर पाठवतो."

पथक महिनाभरात परत आलं. कोलू आला नाही; दिल्लीतून तो कुठे गेला, ते पथकातल्या कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्याऐवजी चिठ्ठी आली. बांबूच्या ट्रकवरचा ड्रायव्हर चैतू ती घेऊन आला. चिठ्ठीत होतं की जपानच्या लोकांना कोलूचा ढोल आवडला, ते त्याला आपल्या देशात घेऊन गेले, समुद्राच्या काठी मोठं गाव आहे, दोन वर्षांनी येतो. मग दर दोन महिन्यांनी चिठ्ठी. चैतू म्हणायचा, दिल्लीहून आलापल्लीच्या डेपोत येते, तिथून मी आणतो. पाकिटावर ना तिकीट, ना शिक्का. मी शिकलेला माणूस, पण मला एकदाही शंका आली नाही. उलट मी चैतूला बसवून चहा पाजायचो आणि सुकरीला चिठ्ठी दोनदोनदा वाचून दाखवायचो. ती वाचताना मीच डोळे पुसायचो. गाढव म्हणा मला, खुशाल म्हणा.

मे महिना सरत आला होता. सकाळी स्टोव्हवर सुया उकळत ठेवल्या होत्या आणि ट्रान्झिस्टर लावला होता. बातम्यांत सांगितलं, जपानच्या उत्तर किनाऱ्याला मोठा भूकंप झाला, समुद्र उठून गावात शिरला, माणसं वाहून गेली. पुढचं खरखरीत ऐकू आलं नाही. वळून पाहतो तर सुकरी दारात. तेंदूपत्त्याचा भारा डोक्यावर तसाच.

"भाऊ... जपान म्हनलं ना त्यानं?"

मी शाळा उघडून तिला भिंतीवरचा नकाशा दाखवला. सुट्टी होती, किल्ली माझ्याकडेच असायची. मी जपानवर बोट ठेवलं, तर माझ्या बोटाखाली अर्धं जपान झाकलं गेलं. मी सांगत होतो की देश मोठा आहे, गावं हजारो आहेत. पण तिचे डोळे माझ्या बोटावर होते.

"एवढं तं हाये," ती म्हणाली. "समुद्र आला तं कोन वाचन इथी?"

पंधरा दिवस गेले. चिठ्ठी आली नाही, चैतूही फिरकला नाही. मग कोलूचा बाप झिंगू माझ्याकडे आला. त्यांच्यात रीत आहे. माणूस घरापासून दूर मेला तर त्याचा जीव वाट चुकतो. मग घरच्यांनी नदीवर जायचं, तो जिकडे मेला तिकडे तोंड करून तीनदा नावानं हाक मारायची आणि मडकं पाण्यात बुडवायचं. मासा, झिंगा, किडा, जे जिवंत मडक्यात येईल तो त्याचा जीव. मडकं घरी आणून आतल्या खोलीत ठेवायचं. मग गेलेला माणूस घरचा होतो.

"पानी पडाच्या आंधी करा लागन," झिंगू म्हणाला. "एक डाव नदी भरली तं पोरगं दिवाळीपर्यंत भटकत राहीन. तुमी सांगा भाऊ, गेला का तो?"

दिल्लीला त्या साहेबांना दोन कार्डं टाकली होती, उत्तर नव्हतं. खरं तर 'थांबा' म्हणायला हवं होतं. पण सुकरी कोपऱ्यात बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. पंधरा दिवस तिनं धड खाल्लं नव्हतं.

"गेला असेल, बाबा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही नदीवर गेलो. झिंगू, सुकरी आणि मी, बस्स. ऊन चांगलंच चढलं होतं. नदीत पाणी थोडं, दगड उघडे पडलेले, त्यांच्यावर बगळे. भीती वाटावी असं तिथे काहीसुद्धा नव्हतं.

झिंगू गुडघाभर पाण्यात उतरला आणि मला म्हणाला, "जपान कोन्या बाजूनं?"

मी हात वर केला आणि सूर्याकडे बोट दाखवलं. तिकडे समुद्र आहे एवढं मला माहीत होतं.

झिंगूनं त्या बाजूला तोंड केलं. "कोलू... घरी ये रे, बापा." मग दुसरी हाक. बगळे एकदम उडाले. वारा पडला आणि एक वास आला. मासळी बाजाराचा म्हणावा तर तसा नाही, खारट, ओला, घशात चिकटून बसणारा. मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून मला तो ओळखू आला नाही.

तिसरी हाक मारली.

"ओ..."

आवाज आला तो समोरून नाही, आमच्या उजव्या हाताकडून. दक्षिणेकडून, जिकडे नदी वाहत जाते तिकडून. अगदी सहज, कुणी जेवता जेवता द्यावी तशी ओ. आणि आवाज कोलूचा होता. मी काय, गावातलं शेंबडं पोर ओळखेल असा कोलूचा आवाज!

मी गर्रकन वळलो. वाळू, ऊन आणि मोकळा काठ. झिंगूनं मडकं तोवर बुडवलं होतं. पाण्यात काहीतरी चमकलं आणि आत गेलं. सुकरीनं झटक्यात त्यावर फडकं बांधलं.

"नावाडी असन कोनी," झिंगू म्हणाला. आम्ही तिघांनीही ते पटकन मान्य केलं. वाटेत मात्र तो माझ्या कानाशी पुटपुटला, "मेलेला मानूस ओ देत नाई, भाऊ. तो चुपचाप येते."

चार दिवसांनी मला सिरोंचाला जावं लागलं. पावसात रस्ता बंद होतो, त्याआधी औषधांची पेटी आणायची असते. पेटी ताब्यात घेतली आणि दुपारी गोदावरीच्या काठानं, कोळ्यांच्या घरांवरून, बसकडे निघालो. एका दारात कोलू बसला होता.

मी तुम्हाला सांगतो, आधी मला आनंद झाला. वेड्यासारखा आनंद! "कोलू!" म्हणून मी पेटी टाकून धावलो. त्यानं मान वर केली नाही. आतून एक बाई आली, कडेवर दोन-तीन महिन्यांचं लेकरू. अन्नपूर्णा नाव सांगितलं तिनं. तेलुगू घोळवत म्हणाली, "मा घरवाले आहेत हे. तुम्ही ओळखता?"

घरवाले! डोक्यात आग पेटली माझ्या. दिल्लीहून पळून हा थेट इथे आला होता. कधी समुद्र नाही की जपान नाही. तिनं भोळेपणानं सगळं सांगितलं: चिठ्ठ्या इथलाच एक मुन्शी लिहायचा, आणि चैतू ड्रायव्हर तिचा सख्खा मामा. माझा चहा पिऊन, माझ्या तोंडाकडे बघत हसायचा तो माणूस! आणि मी दर दोन महिन्यांनी ते खोटं रडत रडत सुकरीला वाचून दाखवत होतो.

"अरे नालायका," मी कोलूच्या खांद्याला धरून हलवलं, "तुझ्या बायकोनं तुझं दिवसकार्य केलं रे! मला तरी सांगायचं होतंस. मी कोण होतो तुझा?"

त्याचा खांदा हाताला गार लागला. डोळे उघडे होते, पण आत कुणी नव्हतं. उजवा हात पेल्यासारखा वळवून ओठांजवळ धरलेला.

"मंगळवारपासून असंच," अन्नपूर्णा हळूच म्हणाली. "सकाळी आंबील पीत होता. एकदम 'ओ' म्हणाला... मी विचारलं, कोण बोलावतंय? उठला, दोन पावलं गेला. मग परत बसला. तेव्हापासून बोलत नाही, ओळखत नाही. तुम्ही डॉक्टर आहात ना? काहीतरी करा, साहेब..."

ती माझ्या पाया पडायला वाकली. मी पेटी उचलली आणि निघालो. गोळ्या होत्या माझ्याकडे, हिवतापाच्या.

स्टँडवर बस सुटेपर्यंत भजी घेतली. ती तशीच धरून खालचा कागद बघत बसलो. तीन आठवड्यांपूर्वीचं वर्तमानपत्र, तेल पिऊन पारदर्शक झालेलं. कोपऱ्यात जपानची बातमी होती. डोंगराकडच्या एका शाळेची लेकरं समुद्र बघायला आली होती. काठावर बसून डबे उघडले, आणि पाणी आलं. मी भजी कुत्र्याला टाकली.

गावात पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. तरातरा सुकरीच्या घरी गेलो. ठरवलं होतं, सगळं सांगायचं, मडकं नदीत सोडायला लावायचं. तो बदमाश होता, पण जिता माणूस असं पोकळ करून ठेवायचं हे काही खरं नाही.

सुकरी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. समोर मडकं, फडकं बांधलेलं. खोलीत तोच खारट वास, पण आता जाड, अंगाला लागणारा. भिंती खालून हातभर ओल्या झाल्या होत्या. पाऊस अजून पडला नव्हता.

"सुकरी, कोलू जिता आहे," मी म्हणालो.

"मालूम हाये."

"तू... तुला कसं?"

"ओ देल्ली ना त्यानं. तवाच समजलं." ती हुंदका न देता रडत होती, नुसतं पाणी गळत होतं. "कोनाच्या घरी हाये?"

मी सगळं सांगितलं. अन्नपूर्णा, लेकरू, चिठ्ठ्या. काही लपवलं नाही. ऐकून घेतल्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तुमाले मालूम होतं का, भाऊ? चिठ्ठ्या तं तुमीच वाचत होते."

"नाही गं. शप्पथ नाही."

तिला ते पटलं की नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

"त्याला सोड, सुकरी," मी म्हणालो. "हे मडकं नदीत रिकामं कर. तिथं तो..."

"तो याच्यात नाई, भाऊ. आलाच नाई तो. ओ देल्ली, दोन पावलं आला असन, अन् आमाले पाहून फिरला असन. जिता होता तवा बी नाई आला, बलावला तवा बी नाई आला." तिचा आवाज फाटला. "मध्येच कुठीतरी बसला असन आता. बसू दे."

मी विचारलं, "मग मडक्यात काय आहे?"

तिनं फडक्याची गाठ सोडली. मी कंदील जवळ नेला. पाणी काठोकाठ होतं, हिरवट, आमच्या नदीचं नव्हेच ते पाणी. आत नखाएवढे मासे. एक नाही, कितीतरी. सगळे एका ओळीत, एकामागे एक, मडक्याच्या कडेकडेनं शिस्तीत फिरत होते. उजेड पडताच सगळे एकदम थांबले आणि तोंडं वर करून बघायला लागले.

"मी यांले बलावलं नोतं," सुकरी कुजबुजली. "पन बाबानं तिकडे तोंड करून हाक मारली ना... तिथी दुसरं कोनी हाक मारतच नसन. रोज नाव विचारतो, तं ओ बी देत नाई."

बाहेर पावसाचे थेंब पडायला लागले होते.

तिनं शेजारच्या वाटीतून भाताची चार शितं घेतली, पाण्यावर टाकली. मासे हलले नाहीत. शितं तशीच तरंगत राहिली. सुकरीनं काळजीनं माझ्याकडे पाहिलं.

"चार दिवस झाले, कोनी काई खाल्लं नाई. तुमी शिकलेले मानूस, भाऊ... तिकडचे लेकरं डब्यात काय नेत असतीन?"

मी तिला डब्यांचं अजून काहीच सांगितलं नव्हतं.