किती जण?

खोपीतल्या नोंदवहीत "किती जण" या रकान्यात ओदिलने दोनचा आकडा लिहिला, तेव्हा मागून कोणीतरी खोकलं.

"दुसरं माणूस कुठंय?"

तिने खाली बोट दाखवलं. बटाट्याच्या रंगाचा तिचा कुत्रा पातात शेपटीने खोपीची फळी बडवत होता.

"संध्याकाळी तुम्ही परतला नाहीत, तर आमचं शोधपथक दोन माणसं हुडकत बसेल. कुत्र्याला इथे माणसांत धरत नाहीत."

"मग माणसांचंच काहीतरी चुकतंय."

तो हसला. खालच्या ओळीत त्याने लिहिलं – ल्युदोविक, एक. वाट एकच होती आणि दोघांनाही खिंडीपर्यंतच जायचं होतं, म्हणून ते बरोबर निघाले.

शिक-शॉकच्या डोंगरात नोव्हेंबरचा बर्फ पडलेला असतो, बसलेला नसतो. पायांना बर्फावर चालायच्या रुंद रॅकेटी बांधल्या तरी घोट्यापर्यंत पाय आत जातो. म्हणून एकाने शंभर पावलं वाट फोडायची, मग बाजूला होऊन दुसऱ्याला पुढे सोडायचं. वाट अरुंद... दर खेपेला त्याची बाही तिच्या बाहीला घासायची.

"तुमचे शंभर फार लवकर भरतात हो."

"मी ऐंशीच मोजतो."

"का? दमलात?"

"नाही. बाजूला व्हायला मिळतं ना..."

ओदिलने मान वळवली. थंडीने लाल झालेले गाल आणखी लाल झाले, तरी कोणाला कळणार होतं!

तीनच्या सुमाराला ढग खाली उतरले. पातात सशाच्या मागावर वाट सोडून बुटक्या स्प्रूसच्या झाडांकडे गेला. दोन उड्या – आणि दिसेनासा झाला. ना भुंकणं, ना केकाटणं.

ओदिल धावली. पाठपिशवीला मागून हिसका बसला.

"थांब! हलू नकोस! फांद्यांखाली पोकळी आहे, वरचा बर्फ म्हणजे नुसतं झाकण. तूही गेलीस तर सगळा अंगावर येईल."

"पण तो भुंकत का नाही?"

ल्युदोविकने आपली पाठपिशवी खाली टाकली आणि तिचीही उतरवून घेतली.

ती वजनाने हलकी, म्हणून तीच पालथी पडून सरकली. त्याने टाचा रोवल्या आणि तिचे घोटे धरले. डोकं खाली, आत अंधार, राळेचा उग्र वास. मानेवरून बर्फ आत घसरत होता.

"सोडणार नाहीस ना?"

"एकटा उतरलो, तर तुझ्या ओळीतल्या दोघांचा जाब मलाच द्यावा लागेल."

आवाजात थट्टा होती. घोट्यांवरची पकड मात्र त्याने आणखी आवळली.

वरून बर्फाची ढेप कोसळली. नाकातोंडात बर्फ गेला, श्वास अडकला. तिने हात तसाच लांबवला... बोटांना केस लागले. गार. निश्चल. "पातात," ती पुटपुटली, "ए बटाट्या..."

मनगटावरून एक ओली जीभ फिरली.

"ओढ!" ती किंचाळली. "ओढ, ओढ!"

तिघंही वाटेवर येऊन पडले. पातात जोरात शिंकला. ओदिल त्याच्या मानेत तोंड खुपसून रडली, मग एकदम हसली.

"मघाशी मला 'तू' म्हणालात."

"घाबरलो होतो."

"आणि आता?"

"आता जास्त घाबरलोय," तो तिच्या केसांतला बर्फ झटकत म्हणाला. "आता 'तुम्ही' म्हणवत नाही."

"नका म्हणू."

खोपीत पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. परतल्याच्या रकान्यात त्याने आपल्या नावापुढे खूण केली आणि पेन्सिल तिच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. ओदिलने आपली खूण केली. मग खाली नव्या ओळीत पुढच्या शनिवारची तारीख घातली, दोघांची नावं लिहिली आणि "किती जण"पाशी थांबली.

"काय लिहू?"

पातात त्याच्या बुटावर हनुवटी टेकून झोपला होता.

"तीन लिही," ल्युदोविक म्हणाला. "पथकाला मी सांगतो."