रंजिताच्या आधी

दिवाळीच्या सुट्ट्या संपून वसतिगृह पुन्हा भरलं होतं. अशाच एका दुपारी रंजिता गजभिये वॉर्डनबाईंकडे किल्ली मागायला गेली. तेव्हा तिच्या मनात भीतीचा लवलेशही नव्हता. उलट पायऱ्या चढताना ती चक्क गुणगुणत होती.

ही २००९ सालची गोष्ट. गोंदियाहून फुलचूर ओलांडलं, राईस मिलची धुराडी मागे पडली, की ते पदव्युत्तर केंद्र लागायचं. तिथल्या वसतिगृहात मुली तिघी-तिघी एका खोलीत कोंबलेल्या. एकटीची खोली एकच, वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यात. आत स्वतंत्र न्हाणी, गिझर, आणि खिडकी उघडली की समोर धानाच्या बांध्या, भाताची बांधलेली खाचरं. ती खोली पहिल्या वर्षापासून टीना बिसेनकडे होती, कारण प्रवेशाच्या वेळी टीनाचे मार्क सगळ्यांत जास्त.

त्या खोलीवरून रंजिताचा जीव जळायचा. आणि खोलीवर थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. अभ्यासिकेत खिडकीजवळची एकच खुर्ची उजेडाची. रंजिता कितीही लवकर गेली तरी टीनाची पाठ तिथे आधीच दिसायची. मेसमध्ये गरम पोळी टीनाच्या ताटात पडून गेलेली असायची. अभ्यासिका सांभाळणारा संघदीप पीएच.डी. करत होता. रंजिताला तो आवडायचा. तो मात्र बोलायचा टीनाशी. रात्री गादीवर पडल्या पडल्या रंजिता त्या दोघांचं बोलणं मनातल्या मनात पुन्हा जुळवत बसायची, आणि छातीत ओल्या तुसासारखं काहीतरी धुमसत राहायचं.

सुट्टीच्या आधी टीना फार वाळली होती. एका संध्याकाळी ती रंजिताच्या दारात येऊन उभी राहिली.

"यार रंजिता, एक सच सांगशील? आज दुपारी मी अभ्यासिकेत होती का?"

"तू कोठी नसते?" रंजितानं तिच्याकडे रोखून बघत म्हटलं. "जिकडं पाहावं तिकडं तूच."

टीनानं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि ती आली तशी परत फिरली. सुट्टीला ती आमगावला गेली ती परतलीच नाही. आजारी आहे, असं कळलं. रंजिताला आनंद झाला, आणि तो झाला याचं तिला फारसं वाईटही वाटलं नाही.

वॉर्डन सुशिलाबाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. "घे. आता मार्कांत तूच पुढं आहेस."

पहिले दिवस सुखाचे गेले. सकाळी अंगावर कढत पाणी घेताना तिला वाटे, आता कुठे आपण जगतोय. मिलमधल्या उकडत्या धानाचा वास खिडकीतून येई, तोही तिला गोड लागे.

मग एकदा ती मेसमध्ये ताट घेऊन उभी राहिली, तर वाढणाऱ्या सुमनबाईंनी पळी हवेतच धरली.

"काऊन वं पोरी, भूक भागली नाही का?"

"म्हणजे?"

"आताच तं जेवून गेली ना तू. दोनदा भाजी घेतली."

रंजिता हसली. बाईंचं वय झालं, तिनं मनाशी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं. त्यानंतर कितीदा तरी. कधी भात संपलेला असे, कधी सुमनबाई संशयानं बघत. रंजिता अर्धपोटी परत फिरू लागली.

एका दुपारी संघदीप तिला पोर्चमध्ये भेटला. त्याचा चेहरा खुलला होता. "काल तू किती छान बोललीस! मला वाटायचं, तू घुमी आहेस."

काल रंजिता दिवसभर तापानं खोलीत पडून होती.

"काय बोलले मी?" तिनं विचारलं.

"आता लाजतेस कायले?" तो हसत निघून गेला.

भीती अजून आलीच नव्हती. आधी आली ती तीच जुनी आग. कोण ही? माझ्या नावानं जेवते, माझ्या माणसाशी गोड बोलते, आणि माझ्याहून चांगलं बोलते! हाताशी सापडली असती तर रंजितानं तिच्या झिंज्या उपटल्या असत्या.

त्याच तावात ती अभ्यासिकेत गेली. बाहेर लख्ख ऊन होतं. आत कोणी नव्हतं, नाही, होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत एक मुलगी पाठमोरी बसली होती. रंजितासारखीच वेणी, रंजितासारखाच खांदा, आणि अंगावर जो ड्रेस, तोच आत्ता रंजिताच्या अंगावर होता. ती वाचत होती. इतकी मन लावून, इतकी सुखानं, की आपल्याला असं वाचता कधी आलं नाही, हे रंजिताला पाठीवरूनच कळलं.

"ए..." रंजितानं हाक मारली.

वाचणारीचं पान उलटणं थांबलं. मान किंचित आखडली, मागे कोणी आल्याचं कळावं तशी. पण ती वळली नाही. खोलीत उकडत्या धानाचा वास दाटला होता, आणि त्यात ओल्या मातीचा, चिखलाचा. मग ती उठली आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडली. डावा पाय ओढत. फरशीवर घासत जाणारा तो आवाज रंजितानं व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकला. मागे धावावं, हे तिला सुचलंच नाही.

आता मात्र भीती आली. तिनं टीनाला फोन लावला.

"टीना... तुझ्याबरोबर पण असंच..."

"तू ती खोली कायले घेतली वं?"

"कोण आहे ती?"

"माझ्यासारखीच दिसे. कपडे, केस, सब कुछ. पण चालणं माझं नव्हतं, रंजिता..." टीनाचा आवाज अगदी खाली गेला. "चालणं तुझं होतं. उजवा हात अंगाशी धरून तू चालतेस ना, तसं. मी तुले तेव्हाच विचाराले आली होती. पण तुझ्या डोळ्यांत पाहिलं अना वापस गेली."

फोन कधी बंद झाला, ते रंजिताला कळलं नाही.

त्याच संध्याकाळी तिनं किल्ली परत केली आणि जुन्या खोलीतल्या दोघींच्या मध्ये गादी टाकली. तरीही रात्रभर एकच प्रश्न तिला टोचत राहिला. टीनाच्या मागे मी होते. मग माझ्या मागे कोण? माझं असं काय आहे, की कोणाचा जीव त्यावर जळावा? दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांचे पाय बघू लागली. मैत्रिणींचे, वॉर्डनबाईंचे, सुमनबाईंचे. डावा पाय ओढणारं तिथे कोणीच नव्हतं.

तिला तिथे राहवेना. आठवडा संपायच्या आत ती गावी निघाली. नवेगाव बांधला एसटीतून उतरली तेव्हा तलावावर ऊन कलत होतं. घराचं दार उघडंच होतं. चुलीशी तिची माय, रुख्मा, पाठमोरी बसली होती. हाक ऐकून ती उठली, पाण्याचा गडू भरून आणायला आत गेली. डावा पाय ओढत.

रंजिता उंबऱ्यावरच थांबली. "माय... पायाले काय झालं?"

"धान कापता कापता बांधीत पडली. तुले सांगितलं नाही. म्हटलं, पोरीचा अभ्यास आहे." मायनं गडू तिच्यापुढे ठेवला आणि परत चुलीशी जाऊन बसली. "गज्जब ताप आला होता मंग. पडून पडून सपनं पाही मी."

"कसली सपनं?"

माय लाजल्यासारखी हसली. "हसशील तू. मी शिकून राहिली, असं. मले सातवीतून काढलं ना बाबानं, लगन केलं. तवापासून शाळेत जाणाऱ्या पोरी पाहिल्या का पोटात आग पडे. तुलेबी पाहून पडे, खोटं कायले बोलू? तुह्या फीसाठी लोकांच्या बांधीत धानाची रोवणी करे, अना रोवता रोवता वाटे, हे माह्या नशिबी काऊन नाही?" तिनं काटकी मोडून चुलीत सारली. "सपनात मी मोठ्या खिडकीपाशी बसून राहो. जाडं पुस्तक. सारं समजे मले, रंजू. एकूण एक अक्षर."

रंजिता मायजवळ जाऊन बसली. रागवावं की गळ्यात पडावं, हे तिला कळत नव्हतं. तिनं मायच्या सुजलेल्या घोट्यावर हात ठेवला. तो हात मायनं झटकन बाजूला केला.

"चांगलं सपान होतं," माय म्हणाली. "पण माह्या मांगं कोणीतरी येऊन उभं राहे. रोज. माही जागा मागाले. शेवटी एक दिस मी उठून निघाली, तवा डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तिले..."

"कोण होतं?"

"तुह्यासारखीच. कपडे तुहेच, वेणीबी तुहीच." मायनं फुंकणी उचलली, पण फुंकली नाही. "फक्त तिले तोंड नव्हतं वं."

चुलीतलं लाकूड तडतडलं. रंजिता मायकडे बघत होती, ती आपल्याकडे कधी बघेल याची वाट पाहत. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की दारात हाक दिल्यापासून मायनं एकदाही तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं.